पहिलं बाळंतपण: घर, दवाखाना आणि मधला रस्ता

अकरावा आठवडा चालू आहे. आईच्या हिशेबाने अजून तिसरा महिना पुरा व्हायचाय, चोरचोळीसुद्धा झालेली नाही. इतक्यात हे चारचौघांत लिहिलेलं तिला मुळीच आवडणार नाही. पण इथे नेदरलँड्समधल्या ॲमस्टलवेनमध्ये पहिल्याच भेटीत मिडवाइफ विचारते, बाळंतपण घरी करायचं की दवाखान्यात? सातारा जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्याकडे विचारतात ते एवढंच, माहेरी की सासरी, आणि कुठल्या डॉक्टरकडे नाव घातलं?

नेदरलँड्समध्ये सगळं सुरळीत असेल तर गरोदर बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातच नाही. फॅमिली डॉक्टरकडेही जावं लागत नाही. थेट मिडवाइफच्या क्लिनिकमध्ये फोन करायचा. चार वर्षांचं पदवी शिक्षण घेतलेल्या या बाया तपासण्या करतात, सोनोग्राफी करतात, बाळंतपण करतात आणि काही वेगळं दिसलं तर दवाखान्याकडे पाठवतात. कधी पाठवायचं याची त्यांची लेखी यादी आहे, मनावर काही नाही. 1960च्या दशकात इथली तीनातली दोन बाळं घरीच जन्मायची. आता ते प्रमाण बरंच खाली आलंय, तरी कुठल्याही श्रीमंत देशापेक्षा जास्त आहे. माझ्या ऑफिसातल्या एका डच मैत्रिणीची दोन्ही मुलं वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये झाली आणि ते सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मला मात्र वाटलं. त्या रात्री मी आजीला फोन लावला.

आजी पाटण तालुक्यातली. तिच्या आयुष्यातल्या सगळ्या तारखा कोयनेच्या भूकंपाच्या आधीच्या नाहीतर नंतरच्या. भूकंप 1967च्या डिसेंबरात झाला. माझे वडील त्याच्या आदल्या वर्षीचे, घरीच झालेले. मधल्या खोलीत, सुईणीच्या हातून. आजी तिचं नाव अजून मानाने घेते. मूल आडवं आहे का, डोकं खाली आलंय का, हे ती पोटावर हात फिरवून सांगायची म्हणे. कळा येत असताना आजीला तिने झोपू दिलं नाही. उभं केलं, चालवलं, आढ्याला बांधलेल्या दोराला धरायला लावलं. हे सगळं ऐकताना मला फार बरं वाटत होतं, कारण कळा देताना पाठीवर झोपू नका, चालत राहा, हेच माझ्या मिडवाइफनेही सांगितलंय.

मग मी विचारलं, "आजी, मी घरीच केलं तर?"

"न्हाई," आजी म्हणाली. "तू दवाखान्यातच जायचं."

आणि मग तिने धाकट्या जावेची गोष्ट सांगितली, जी मी आजवर कधीच ऐकली नव्हती. पोर झालं, रडलं, सगळं चांगलं झालं. पण वार पडेना. सुईणीने पोट चोळलं, जावेच्या तोंडात तिचेच केस कोंबले, म्हणजे उमासा येऊन वार सुटेल. अंगावरून जात राहिलं. बैलगाडी जुंपली, कराडला न्यायचं ठरलं. गाडी गावाच्या बाहेर पडली आणि वाटेतच ती गेली. "तीन लुगडी भिजली," आजी म्हणाली, आणि पुढे बराच वेळ काही बोलली नाही. ते पोर आजीने वाढवलं. म्हणजे ज्यांना मी लहानपणापासून थोरल्या काकांसारखंच मानत आले, ते आजीचे नव्हेत, हे मला या वयात कळलं.

त्या गोष्टीनंतर दोन दिवस मला घरच्या बाळंतपणाचा विचारही सहन होईना. पण मग नीट वाचायला बसले, कारण आजीची गोष्ट खरी असली तरी ती नेमकी कशाची आहे हे मला कळायला हवं होतं. ती घराची आहे, की सुईणीची, की रस्त्याची?

बाळ झाल्यावर गर्भाशय आवळत नाही, किंवा वार आत अडकते, तेव्हा रक्त थांबत नाही. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते इथल्या मिडवाइफच्या पिशवीत असतं. सोबत ऑक्सिजन, बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मास्क, ठोके ऐकायचं डॉपलर, लघवीची नळी, टाके घालायचं सामान. वार तरीही पडलीच नाही तर ती ऑपरेशन थिएटरात भूल देऊन हाताने काढावी लागते, तिथे पिशवी कामाची नाही. मग फक्त गाडी किती मिनिटांत येते हाच प्रश्न उरतो. इथे घरी बाळंतपण ठरवताना अँब्युलन्सला फोन केल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तासाच्या आत काम व्हायला हवं, असा जुना दंडक आहे. आमच्या घरापासून दवाखाना सायकलने पंधरा मिनिटं. आजीच्या जावेला ना इंजेक्शन मिळालं, ना रस्ता. सुईणीच्या हातात कसब होतं, पण त्या कसबापुढे काय करायचं याची सोय कोणीच केलेली नव्हती.

म्हणून "आपल्या आज्या नाही का घरीच बाळंत झाल्या" असं कोणी उत्साहाने म्हणालं की मला राग येतो. ज्या आज्या ते सांगायला उरल्या, त्यांचंच आपण ऐकतो.

दुसऱ्या बाजूला माझी वहिनी आहे. पुण्यातला मोठा, चकचकीत दवाखाना. कळा सुरू झाल्यापासून लेबर रूममध्ये ती एकटी. माझा भाऊ बाहेर, तिची आई बाहेर. सलाइन लावलेलं, त्यामुळे उठायचं नाही. कोणी काही समजावून सांगितलं नाही, अचानक सह्या घेतल्या आणि सिझर केलं. सिझर कदाचित गरजेचंच असेल, मी ते नाकारत नाही. बाळ सुखरूप, तीही सुखरूप. पण वर्षभर ती त्या रात्रीबद्दल बोलताना रडायची, आणि घरातले म्हणायचे, "आता काय त्याचं? सगळं नीट झालं ना?" मला ते वाक्य तेव्हाही पटलं नव्हतं. महाराष्ट्रात आता शंभरातली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, 2014पासून 108ची गाडी धावते, आणि आजीच्या जावेसारख्या किती बाया त्यामुळे वाचल्या असतील. ही केवढी मोठी गोष्ट आहे. फक्त दवाखान्यात पोचलेल्या बाईचा हात धरायला तिच्या माणसाला आत येऊ द्या, एवढंच तर म्हणायचंय.

आता आकडे. ज्यांना नकोत त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण माझा निर्णय याच्यावरच ठरला.

इंग्लंडमध्ये 2011 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, कमी जोखमीच्या सुमारे 64,500 बाळंतपणांचा. ज्यांना आधी मूल झालेलं आहे अशा बायांच्या बाबतीत घर आणि दवाखाना यांत बाळाच्या दृष्टीने फरक सापडला नाही, आणि घरी सिझर, चिमटा, टाके यांचं प्रमाण कितीतरी कमी. पहिलटकरणींचं चित्र मात्र वेगळं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी 5.3, तर घरी ठरवलेल्या बाळंतपणात 9.3. यात फक्त मृत्यू नाहीत. मेंदूला इजा, बाळाने पोटातच केलेली शी फुप्फुसात जाणं, हाताच्या नसा दुखावणं, हेही धरलंय. हजारातली नऊशे नव्वद बाळं दोन्हीकडे ठणठणीत, हेही तितकंच खरं. पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते दुसऱ्या आकड्याने. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्के बायांना मध्येच किंवा बाळ झाल्यावर लगेच दवाखान्यात हलवावं लागलं. दुसरेपणाच्या बायांत हेच प्रमाण 12 टक्के.

नेदरलँड्समध्ये 2009 साली याहून मोठा अभ्यास झाला होता, सव्वापाच लाखांहून जास्त बाळंतपणांचा, आणि त्यात बाळाच्या मृत्यूच्या प्रमाणात घर आणि दवाखाना असा फरक आढळला नाही. नवरा लगेच म्हणाला, मग आपण इथे आहोत तर इथलाच आकडा धरू. त्याचं म्हणणं चूक नाही. इथे मिडवाइफ, अँब्युलन्स आणि दवाखाना ही एकाच साखळीतली माणसं आहेत, पिढ्यान्पिढ्या हेच करत आलीत. पण हलवावं लागणं इथेही पहिलटकरणींच्याच वाट्याला जास्त येतं. बहुतेक वेळा कारणही जिवावरचं नसतं. कळा येतात पण गर्भाशयाचं तोंड उघडत नाही, पाणमोट फुटून चोवीस तास झाले, पाण्यात बाळाची शी दिसली, किंवा कळा असह्य होऊन पाठीतलं इंजेक्शन हवंय, जे फक्त दवाखान्यातच मिळतं.

आणि आमचा जिना! इथली घरं अरुंद, एकाला एक चिकटलेली, आणि जिना इतका उभा की सामान खिडकीतून दोराने वर घेतात. आमची बेडरूम दुसऱ्या मजल्यावर आहे. मिडवाइफने पहिल्याच भेटीत विचारलं की पलंग कुठे, न्हाणीघर कुठे, जिन्याला वळण आहे का. स्ट्रेचर वळणावरून जात नसेल तर अग्निशामक दलाची गाडी बोलवून खिडकीतून खाली उतरवतात, हे तिने अगदी सहज सांगितलं. कळा येत असताना मी त्या जिन्यावरून उतरतेय हे मी डोळे मिटून कल्पून पाहिलं. जवळजवळ निम्म्या वेळा असं होणार असेल तर मला ते नको. पहिल्या खेपेला नको.

शिवाय अजून घरचं बाळंतपण माझ्या हातात आहे की नाही हेही ठरायचंय. पहिल्या रक्ततपासणीत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, कावीळ बी, एचआयव्ही हे सगळं झालं. आपल्या भागातल्या लोकांत थॅलेसेमियाचे वाहक असतात म्हणून तीही तपासणी झाली. सगळं ठीक आलं. पण दक्षिण आशियातल्या बायांना गरोदरपणात मधुमेह होण्याची शक्यता जास्त, म्हणून 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान मला ग्लुकोज पिऊन पुन्हा रक्त द्यायचंय. माझ्या आईला मधुमेह आहे. इन्शुलिन लागलं तर मिडवाइफचा हात सुटून मी दवाखान्याच्या हवाली.

तर माझं ठरलंय ते असं. सुरुवातीच्या कळा घरीच काढायच्या. आपल्या न्हाणीत गरम पाणी अंगावर घेत, आपल्या स्वयंपाकघरात फेऱ्या मारत. मिडवाइफ घरी येऊन तपासेल आणि तोंड पुरेसं उघडलं की तिच्यासोबतच दवाखान्यात जायचं. तिथेही सगळं ठीक असेल तर बाळंतपण तीच करणार, डॉक्टर भिंतीपलीकडे. नवरा पूर्णवेळ आत. वैद्यकीय कारण नसताना दवाखान्याची खोली घेतली म्हणून विम्याच्या वर काहीशे युरो आपल्या खिशातून भरावे लागतात. ते मी आनंदाने भरेन. काही अडचण आली नाही तर काही तासांत बाळाला घेऊन घरी.

हे ऐकून आई घाबरली. "काही तासांत? ओल्या बाळंतिणीला?" मग तिला क्रामझोर्ख समजावून सांगावं लागलं. बाळंतपणानंतर आठेक दिवस एक प्रशिक्षित बाई घरी येते, साधारणपणे एकूण 49 तास. बाळाचं वजन, ताप, माझे टाके, दूध येतंय का, सगळं ती बघते, संडास-न्हाणीघरही पुसते. तिची पाठ दुखू नये म्हणून आपला पलंग ठोकळे लावून 80 सेंटीमीटर उंच करून ठेवायचा. आई म्हणाली, "म्हणजे ती माझंच काम करणार की." तिला ते आवडलं नाही, माझ्या लक्षात आलं.

व्हिसा तिला 90 दिवसांचाच मिळेल. नवव्या महिन्यात आलीस तर सव्वा महिना पुरा होऊन वर थोडे दिवस उरतील, असं मी तिला सांगितलंय. ती डिंक, अळीव आणि बाळंतशेपा आणणार. शेगडी आणता येणार नाही हे तिने मान्य केलंय, पण शेकाबद्दल ती ऐकायला तयार नाही, आणि इथली बाई बाळाला टोपडं किती जाड घालायचं यावरही बोलेल. बाळाचं अंग फार तापू द्यायचं नाही यावर इथे कडक आहेत. मला दोघींचंही हवंय. आईच्या हातचं अंग चोळणं हवंय आणि त्या बाईची ताप मोजायची शिस्तही. क्रामझोर्खचं नाव लवकर नोंदवावं लागतं, बायका कमी आहेत, म्हणून या आठवड्यात तो फॉर्म भरतेय. त्यात एक रकाना आहे, घरात मदतीला आणखी कोण असेल? तिथे मी आईचं नाव घातलंय, आणि खाली लिहिलंय की तिला डच येत नाही, इंग्रजीही थोडंच येतं, पण तिने दोन मुलं वाढवलीत आणि भावाच्या मुलाला पहिले तीन महिने तिनेच न्हाऊ घातलंय, तर तिला विचारून घ्या.