इन्व्हॉइस कॅनॉट बी कास्ट टू इन्व्हॉइस

शनिवारी रात्री साडेअकराला रिलीज टाकली आणि पावणेबाराला रिपोर्टचं पान पडलं. लॉगमध्ये क्लासकास्ट एक्सेप्शन, म्हणजे ‘ही वस्तू त्या क्लासची म्हणून वापरता येत नाही’ ही जावाची तक्रार: इन्व्हॉइस कॅनॉट बी कास्ट टू इन्व्हॉइस. मी तीनदा वाचलं. पॅकेज तेच, स्पेलिंग तेच, एका अक्षराचाही फरक नाही.

आमच्या एकाच टॉमकॅट ८.५ वर (जावाची वेबॲप चालवणारा सर्व्हर) दोन वॉर, म्हणजे वेबॲपची पॅकेजं, चालतात, बिलिंगची आणि रिपोर्टची. दोघींची सामायिक कॅश (तात्पुरता साठा), तिची जार, म्हणजे क्लासची गठडी, टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये. बिलिंगनं कॅशमध्ये इन्व्हॉइस ठेवायचं, रिपोर्टनं उचलायचं. वर्षभर बिनबोभाट चाललं होतं.

पहिला तास कॅशवर संशय घेण्यात गेला. मग जेव्हीएमला, म्हणजे जावा चालवणाऱ्या इंजिनाला, व्हर्बोज क्लास हा पर्याय लावून सर्व्हर पुन्हा चालू केला. हे लावलं की कुठला क्लास कुठल्या फाइलीतून उचलला, ते जावा ८ ओळीओळीनं छापतं. टॉमकॅटच्या कॅटालिना डॉट आउट या लॉगमध्ये इन्व्हॉइस ग्रेप करून शोधलं, तर दोन ओळी! एकीत टॉमकॅटच्या लिबचा पाथ, दुसरीत रिपोर्टच्या वॉरमधल्या वेब-इन्फ लिबचा.

जावात क्लास नुसत्या नावानं ओळखला जात नाही. नाव आणि तो आणणारा क्लासलोडर, दोन्ही मिळून त्याची ओळख ठरते. एरवी लोडर आधी आपल्या वरच्याला विचारतो. टॉमकॅटमधला वेबॲपचा लोडर मात्र, जावाचे स्वतःचे आणि सर्व्हलेटचे (जावा वेबॲपच्या मानकाचे) क्लास सोडले, तर आधी स्वतःच्या घरात शोधतो. सर्व्हलेटच्या नियमावलीतच तशी शिफारस आहे आणि मला ती पटते. म्हणून तर शेजारच्या दोन वॉर एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सुखानं वापरतात.

मग पॉम फाइलचा (बिल्डला कुठल्या जार लागतात, ते लिहिलेली फाइल) इतिहास उघडला. टीममधल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर टॉमकॅटच्या लिबमध्ये मॉडेलची, म्हणजे इन्व्हॉइस क्लासची, जार टाकायची राहिली होती. क्लास सापडेना, म्हणून तिनं प्रोव्हायडेड स्कोप (‘ही जार सर्व्हर देईल, वॉरमध्ये घालू नका’ ही खूण) काढला आणि ती जार रिपोर्टच्या वॉरमध्ये शिरली. सर्व्हरवर मग बिलिंगनं ठेवलेलं इन्व्हॉइस लिबमधलं आणि रिपोर्टला हवं स्वतःच्या घरातलं. तिच्याकडे रिपोर्टची वॉर एकटीच चालायची. ठेवणारीही तीच, उचलणारीही तीच, बिघडणार काय?

"दादा, माझ्याकडे तर चालत होतं," ती फोनवर रडवेली झाली. खरंच चालत होतं. लिबमध्ये काय काय टाकायचं, याची यादी आम्ही जुन्या लोकांनी कुठेच लिहून ठेवली नव्हती. ती चूक आमची, आणि तिला मी तसं तेव्हाच सांगितलं.

प्रोव्हायडेड परत लावला, नवी वॉर बनवली, जुनं उलगडलेलं फोल्डर पुसून ती चढवली. पावणेतीनला रिपोर्ट उघडला. सोमवारी तिनंच बिल्डमध्ये तपासणी घातली: टॉमकॅटच्या लिबमधली जार वॉरमध्ये दिसली, की बिल्ड तिथेच थांबते.