किती वाव बसेल?

काकांनी पिशवीतून रीळ काढून काउंटरवर ठेवलं तेव्हा त्यावरून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, सगळीकडे ओघळत होतं. जुनं, जड, लोखंडासारखं स्पिनिंग रीळ. बोटीवर नोकरीला असलेल्या भावानं आणलेलं. कंपनीचं नाव, आकडे, सगळं खाऱ्या हवेनं खाल्लेलं.

जूनजुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा नागदेवी स्ट्रीटजवळच्या आमच्या दुकानात जाळी आणि दोरवाल्यांपेक्षा गळ टाकणारेच जास्त येतात. काका वरळी कोळीवाड्यातले, खडकावरून जिताड्यासाठी गळ टाकणारे. आदल्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका दुकानातून अडीचशे मीटर तंगूस भरून घेतलं होतं. पहिल्याच फेकीला वरची वेटोळी एकदम सुटली, गाठींचा गुंता झाला आणि सुरी लावावी लागली.

"किती वाव बसतो यात, तेवढं नीट सांग, बाय. त्याला काय ठावं नव्हतं." वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी.

नव्या रिळावर हा प्रश्न सोपा असतो. स्पूलवर, म्हणजे रिळाच्या दोरा गुंडाळायच्या भागावर, छापलेलं असतं : ०.३० मिलिमीटर, ३०० मीटर. दोरा जाड झाला की लांबी कमी होते, पण साध्या प्रमाणात नाही. जाडीचा वर्ग करायचा, कारण जागा व्यापतो तो दोऱ्याचा काटछेद, म्हणजे दोरा आडवा कापला की दिसणारा गोल. ०.३० चा वर्ग ०.०९, गुणिले ३००, म्हणजे २७. याला ०.४० च्या वर्गानं, म्हणजे ०.१६ नं भागलं की १६९ मीटर येतात. गिऱ्हाइकं "जाडी तिसऱ्या हिश्श्यानं वाढली, तर लांबी चौथ्या हिश्श्यानं कमी" असा हिशेब करून २२५ मीटर मागतात. भांडणं इथूनच सुरू होतात.

काकांच्या रिळावर मात्र काहीच छापलेलं उरलं नव्हतं. मग उरलेलं तंगूस बाजूला उलगडून रिकाम्या स्पूलला कॅलिपर लावला. मधला दांडा ४० मिलिमीटर व्यासाचा, कडा ६४ चा, आतली रुंदी २५. काठोकाठ भरायचं नसतं, कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडायची, म्हणजे भरायचा व्यास ६०. ६० च्या वर्गातून ४० चा वर्ग वजा, २०००. त्याला ०.७८५ नं (पायचा चौथा हिस्सा) आणि २५ नं गुणलं की सुमारे ३९,२५० घन मिलिमीटर. आता दोरा गोल असला, तरी शेजारी-शेजारी बसताना तो जाडीइतक्या चौकोनाची जागा अडवतो असं धरायचं. काकांचा दोरा ०.४० चा, म्हणून भागिले ०.१६, आणि मिलिमीटरचे मीटर केले की २४५.

"मग त्यानं अडीचशे दिले, पाचच मीटर जास्त. पाच मीटरनं येवढं कसं बिघडंल?" काकांनी शेठकडे बघितलं. शेठ माझ्याकडे.

प्रश्न बरोबर होता. पाच मीटरनं वेटोळी सुटत नाहीत. दोरा विकत घेतला त्या गुंडीवर ०.४० लिहिलेलं होतं, पण ते लिहिलेलं होतं, मोजलेलं नव्हतं. काकांनी आणलेल्या तुकड्याला मायक्रोमीटर लावला. वेगवेगळ्या ठिकाणी मोजला, दर वेळी ०.४३ च्या आसपास. तीन शतांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वर्ग केला की ०.१६ चे ०.१८५ होतात आणि २४५ मीटरचे २१२. म्हणजे जवळपास ३८ मीटर जादा भरलं होतं. तेवढं भरलं की दोरा कडेच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत येतो, आणि फेकल्यावर वळसे एकामागून एक उतरायच्या ऐवजी एकदम उसळतात.

डोळ्यांनी अंदाज करणारे इथंच फसतात. या स्पूलवर शेवटच्या दोन मिलिमीटर थरात जवळपास चौथा हिस्सा दोरा असतो, कारण बाहेरचा प्रत्येक वळसा आतल्यापेक्षा मोठा. "अर्धं उरलंय" म्हणणाऱ्याकडे बहुतेक वेळा अर्ध्याहून कमीच असतं.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरानं स्वतःचं रीळ पुढे केलं. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा, त्याची जाडी पीई नंबरात सांगतात. दीड नंबरचा पीई ३०० मीटर बसतो, तीन नंबरचा किती? १५०. पीईचा नंबर काटछेदाच्या प्रमाणातच चढतो, त्यामुळे तिथं वर्गाची कटकट नाही, नुसता उलटा भागाकार. त्याला वाटलं मी अंदाजानं बोलले. वाटू दे.

काकांचं रीळ भरायला लावलं. दोरा ओल्या फडक्यातून, ताण देऊन, कारण सैल भरलेल्या दोऱ्याला जागा जास्त लागते आणि हिशेब चुकतो. मीटर मोजायच्या यंत्रावर २०७ आले आणि कडेपर्यंतचं अंतर दोन मिलिमीटर झालं. तिथं थांबले. काकांचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता, म्हणून स्पूल आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवला होता. फरक ३४ ग्रॅम. नायलॉनची घनता साधारण १.१४ असते, तेव्हा ०.४३ चा दोरा शंभर मीटरला साडेसोळा ग्रॅम भरतो. हिशेब २०५ वर आला. दोन मीटरचा फरक काट्याच्या आणि मायक्रोमीटरच्या पोटात सहज जातो.

"पण वाव किती?"

त्यांना मी हात पसरून उभं केलं आणि एका हाताच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावला. १६२ सेंटिमीटर. म्हणजे १२८ वाव. पुस्तकातला वाव सहा फुटांचा, त्यानं ११३ होतात, पण काका खडकावर सहा फुटांनी थोडेच मोजणार होते!

मी त्यांना सांगितलं की खडकावरून फेकलेला दोरा साठेक मीटरच बाहेर जातो, तेव्हा पुढच्या वेळी खाली जुनं तंगूस भरा आणि वर शंभर मीटर नवं घ्या. तेवढं पुरेल, खर्च निम्मा. काकांना पटलं नाही. मासा पळाला की काय होतं ते मला कसं कळणार, म्हणाले, मी दुकानात बसते.

बिलाच्या वेळी शेठनी २०७ मीटरचे पैसे लावले. काका म्हणाले, दोनशेचे देणार, सात मीटर रिळानं खाल्ले त्याला मी काय करू. शेवटी २०३ वर मिटलं.