आधी मागची बाजू

जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात माझ्याबरोबर आलेली मंडळी हमखास विचारतात, "एवढे देखणे कव्हर हातात आहे आणि तुम्ही ते उलटे करून मागची बाजू काय वाचत बसता?" आजवर मी हसून वेळ मारून नेत आलो, परवा मात्र भाच्याने हेच विचारले आणि तो उत्तराची वाट पाहत उभाच राहिला. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाचे लिहून काढतो.

आमची चार-पाच जणांची रविवारची बैठक असते. त्यात काही जॅझवाले आहेत, काही रॉकवाले. रॉकवाला नवी रेकॉर्ड घेऊन आला की बँडचे नाव सांगतो आणि विषय तिथेच मिटतो, कारण बीटल्स म्हटल्यावर ते चौघे कोण हे कोणाला सांगावे लागत नाही. जॅझवाल्याला मात्र "यावर कोण कोण आहे?" हे कळल्याशिवाय सुई टेकवणे जिवावर येते. एकाच वादकाच्या नावावर निघालेल्या दोन रेकॉर्डींत पियानोवर आणि ड्रम्सवर निराळी माणसे असतात, आणि साथीचा माणूस बदलला की मुख्य वादकही वेगळे वाजवू लागतो. ज्यांनी तबलजी बदलल्यावर गवयाचा नूर बदललेला पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

माइल्स डेव्हिसची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. पुढच्या बाजूला निळसर अंधारात ट्रम्पेट वाजवणारा माइल्स आहे आणि ते छायाचित्र सुरेखच आहे. पण पियानोवर बिल इव्हान्स असून केवळ 'फ्रेडी फ्रीलोडर'पुरता विंटन केली बसला आहे, हे कळते ते मागच्या बाजूला. इव्हान्सचा लेखही तिथेच आहे, आणि त्यात तो पातळ ताणलेल्या कागदावर काळ्या शाईने चित्र काढणाऱ्या जपानी चित्रकारांचा दाखला देतो: हात मध्येच अडखळला तर कागद फाटतो, खोडायची सोय नसते. सुरुवातीच्या प्रतींवर सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या आडनावातले एक इंग्रजी अक्षर गळले आहे आणि दुसऱ्या बाजूवरच्या दोन रचनांची नावे उलटसुलट छापली गेली आहेत. या चुका आपल्या प्रतीत आहेत की नाहीत यावर आमच्याकडे एक अख्खी दुपार गेली आहे आणि चहा दोनदा गरम करावा लागला आहे.

रॉकवाल्यांनाही ही खोड लागली ती बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'मुळे. १९६६ च्या या रेकॉर्डचे कव्हर क्लाउस फोरमन यांनी काळ्या शाईने रेखाटले असून चौघांच्या केसांच्या जंजाळात छायाचित्रांची कात्रणे चिकटवली आहेत. उजवीकडे जॉर्ज हॅरिसनच्या केसांत नीट पाहिले तर खुद्द फोरमन यांचा छोटासा फोटो आणि नाव सापडते. आमच्यातल्या एकाला भिंग घेऊन ते शोधताना मी पाहिले आहे. मला स्वतःला मात्र त्याहून मोलाची वाटते ती मागची एक बारीक ओळ. 'लव्ह यू टू' या गाण्यापुढे लिहिले आहे: तबला, अनिल भागवत. हे आडनाव लंडनच्या रेकॉर्डवर वाचताना मराठी माणसाचा डोळा तिथे थबकला नाही तरच नवल. बाहेरून आलेल्या वादकाचे नाव छापण्याची रीत तेव्हा नव्हती, तरी ते छापले गेले.

आता बीटल्सचीच पुढच्या वर्षीची, १९६७ ची 'सार्जंट पेपर' काढा. पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ या कलावंतांनी मांडलेला, नामवंतांच्या चित्रांचा आणि पुतळ्यांचा तो प्रसिद्ध घोळका पुढच्या बाजूला आहे. त्यात गांधीजीही उभे केले होते, पण भारतातल्या खरेदीदारांना रुचणार नाही या भीतीने कंपनीने ते काढायला लावले. मागच्या बाजूला गाण्यांचे सगळे शब्द छापले आहेत, मांडणी कोणाची, फोटो कोणाचा हे सांगितले आहे, एवढेच काय, मेणाचे पुतळे मादाम तुसाँच्या संग्रहालयाचे हेही नोंदवले आहे. 'विदिन यू विदाउट यू'मध्ये तबला, दिलरुबा आणि तंबोरा वाजवणाऱ्या लंडनच्या भारतीय वादकांची नावे मात्र त्यात नाहीत. बीटल्सपैकी एकटा हॅरिसन त्या गाण्यात आहे, बाकी तिघांचीही गैरहजेरी आहे, आणि ज्यांच्या हातांवर गाणे उभे आहे ते बिननावाचे राहिले. मेणाच्या पुतळ्यांना जागा मिळाली, हे मला अजूनही पचत नाही.

नाव न छापण्यामागे दर वेळी हयगयच असते असे नाही. १९७२ साली आलेल्या माइल्सच्या 'ऑन द कॉर्नर'च्या पिवळ्या कव्हरवर कॉर्की मॅकॉय यांनी रस्त्यावरच्या माणसांची व्यंगचित्रे काढली आहेत आणि मूळ प्रतीवर वादकांची यादीच नाही. ती आपण मुद्दाम दिली नाही, समीक्षकांनी कोणते वाद्य कोणते हे कानांनी ओळखावे, असे माइल्सनेच पुढे सांगितले. युक्तिवाद म्हणून तो मला पटतो, पण बादल रॉय यांच्या तबल्यावर तो अन्यायच आहे. ड्रम्स, बास आणि इलेक्ट्रिक सतार यांच्या दाटीतून तो तबला सतत पुढे येत राहतो, आणि पहिल्यांदा ऐकताना आम्ही सगळे एकाच वेळी कव्हर उलटे करायला धावलो होतो.

माझ्याकडची प्रत कोणाकडून तरी फिरत आलेली आहे. आतल्या पांढऱ्या कागदी पाकिटावर आधीच्या मालकाने पेन्सिलीने वादकांची नावे लिहून ठेवली आहेत. तबल्यापुढे बादल रॉय हे नाव ठसठशीत आहे, सतारीपुढे मात्र एक नाव खोडून दुसरे लिहिले आहे आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. भाच्याला मी ते पाकीट दाखवले. त्याने फोनवर तीच रेकॉर्ड शोधली, बोटभर पिवळे चित्र आणि माइल्सचे नाव पाहिले, आणि मग पेन्सिल कुठे ठेवली आहे ते विचारले.