एक्सबी-७० प्रक्षेपक, भाग ५ : खोगीर ८ सेंटिमीटर पुढे

या मालिकेत आपण एक्सबी-७० या अमेरिकन बॉम्बरचं १:७२ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल बनवतो आहोत; त्याच्या पाठीवरून एक्स-१५ हे रॉकेट विमान सोडायचं, अशी कल्पना. त्या एक्स-१५ला टेकायला मागच्या भागात पाठीवर बसवलेलं खोगीर उखडून काढावं लागलं. सँडिंग झालं होतं, सर्फेसरचा (भरणीच्या प्राइमरचा) हातही फिरला होता, आणि त्यानंतर दोन्ही टोकं पाठीवरून सुटून वर यायला लागली. ९० मिलिमीटरच्या लांबीत टोकाशी जवळजवळ २ मिलिमीटरची फट. १:७२ला म्हणजे प्रत्यक्षात १४ सेंटिमीटर. अशा बुडावर एक्स-१५ सरळ बसणं अशक्य.

कारण सापडलं. खोगिराचा गाभा ०.५ मिलिमीटरच्या चार प्लास्टिकार्ड (स्टायरीन शीटच्या) पट्ट्या पातळ सिमेंटने एकावर एक चिकटवून केलेला होता. कडेचं सिमेंट लगेच उडतं, पण रुंद पट्ट्यांच्या मध्ये अडकलेल्या सॉल्व्हंटला बाहेर पडायला वाटच नसते. आतलं प्लास्टिक कित्येक दिवस मऊ राहतं, बाहेरचा थर सुकून आकसतो आणि सगळी पट्टी वाकते. वरून पुट्टी आणि प्राइमर चढला की उरलीसुरली वाटही बंद. चार थर लावायचेच असतील तर मधल्या दोन थरांना दर १० मिलिमीटरवर १ मिलिमीटरची भोकं पाडा, दोन काचांमध्ये दाबून ठेवा आणि निदान आठवडाभर सँडिंगला हात लावू नका. त्याहून बरं म्हणजे २ मिलिमीटरची एकच शीट घ्या. नाहीतर थर सुपरग्लूने जोडा, त्यात सॉल्व्हंटचा प्रश्नच येत नाही. मात्र सुपरग्लूचा सीम (जोडरेषा) त्याच दिवशी घासायचा. दुसऱ्या दिवशी तो आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि सँडपेपर शेजारीच खड्डा पाडतो.

शीटबद्दल एक सूचना. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचं साहित्य विकणाऱ्या दुकानात पांढरी शीट मागितली की बहुतेक वेळा सनबोर्ड हातात पडतो. तो पीव्हीसीचा फोम. स्टायरीनच्या सिमेंटची त्यावर पकड येत नाही आणि घासलं की बुडबुड्यांची भोकं उघडी पडतात. कोपऱ्यावर सिमेंटचा एक थेंब टाकून बघा. चकाकी येऊन पृष्ठभाग चिकट झाला तरच ते स्टायरीन. ही चाचणी दुकानातच करू द्यायला तयार असलेला विक्रेता मिळाला, तर चार पैसे जास्त देऊनही त्याच्याकडूनच घ्यावं.

खोगीर निघालेलंच होतं, म्हणून जागेचा प्रश्न पुन्हा उघडला, आणि इथून सगळा आराखडा बदलला.

आपल्या व्हॉट-इफचा, म्हणजे ‘असं झालं असतं तर’ या कल्पनेचा, पाया असा: एक्सबी-७०चं तिसरं विमान, ६२-०२०८, अर्धवट असताना १९६४ मध्ये रद्द झालं नाही, पुरं होऊन नासाकडे गेलं. बॉम्बर म्हणून कार्यक्रम १९६१ मध्येच संपला होता, पण माक ३ला (आवाजाच्या तिप्पट वेगाने) ७०,००० फुटांवर जाणारं एवढं मोठं विमान हातात असताना त्याचं काय करता येईल, याचे प्रस्ताव त्या काळात खरोखर मांडले गेले. पाठीवरून एक्स-१५ सोडणं हा त्यातलाच एक. बी-५२च्या पंखाखालून सुटताना एक्स-१५ला ४५,००० फूट आणि माक ०.८च्या आसपासचा वेग मिळायचा. त्याच्या तुलनेत इथे इंजिन पेटण्याआधीच केवढी ऊर्जा पदरात पडते!

जुन्या आराखड्यात एक्स-१५ची शेपटी एक्सबी-७०च्या दोन उभ्या फिनांच्या (शेपटीकडच्या उभ्या पात्यांच्या) मधोमध शिरत होती. दिसायला झकास. पण ३० जुलै १९६६चा एम-२१ या ड्रोनवाहक विमानाचा अपघात आठवला की ती मांडणी पटेनाशी होते. तिथेही पाठीवर एकच पायलॉन (आधाराचा खांब), दोन फिनांच्या मध्ये डी-२१ ड्रोन, वेग माक ३च्या वर. आधीच्या तीन प्रक्षेपणांत विमान हलकंसं खाली झुकवून ड्रोन सोडला होता. चौथ्या वेळी सरळ उड्डाणात सोडला, तो वाहक विमानावरच आदळला, आणि प्रक्षेपण अधिकारी रे टोरिक यांचा जीव गेला. त्यानंतर डी-२१ बी-५२च्या पंखाखाली गेला. फिनांच्या मधून मागे सरकत सुटणारं काहीही इथे नको, हे आमचं ठाम मत झालं आहे.

पोटाखाली लटकवण्याचा पर्याय तपासला आणि सोडून दिला. एक्सबी-७०ची अर्धी जादू पोटाखालीच आहे. एअर इनटेकच्या पाचरीपासून निघालेला शॉक (धक्कालहर) पंखाखाली अडवून त्यावर तरंगायचं, त्यासाठीच पंखांची टोकं ६५ अंशांपर्यंत खाली वळतात. तिथे १५ मीटरचं विमान लटकवलं की ती सगळी रचना बिघडते.

म्हणून पाठच, पण पुढे. एक्स-१५ची शेपटी फिनांच्या पुढच्या कडेच्याही अलीकडे संपेल एवढं पुढे. मॉडेलवर हे अंतर ८ सेंटिमीटर आलं, प्रत्यक्षात ५.७६ मीटर. एक्स-१५चं नाक आता मोठ्या विमानाच्या नाकापासून ४२ सेंटिमीटरवर येतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा वजनात झाला. एक्स-१५चं मॉडेल २४ ग्रॅम भरतं. जुन्या जागी त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या ८ सेंटिमीटर मागे होता, म्हणजे १९२ ग्रॅम-सेंटिमीटरचा शेपटीकडचा कल. तो तोलायला चाकांच्या १६ सेंटिमीटर पुढे, इनटेकच्या पेटीत, १२ ग्रॅम शिसं घालावं लागत होतं. कॉकपिटजवळ, ४५ सेंटिमीटरवर, जेमतेम ४.३ ग्रॅम पुरलं असतं, पण ते वजन लांब मानेच्या टोकाला लटकतं आणि मानेचा जोड कालांतराने उघडतो. या किटमध्ये नाकात शिसं भरूच नका. नव्या जागी गुरुत्वमध्य थेट मुख्य चाकांवर येतो. शिसं शून्य! खऱ्या विमानातही सुमारे १५ टनांचा एक्स-१५ मागे ठेवण्यापेक्षा इथे ठेवणं सोपं गेलं असतं. इंधनच शंभर टनांवर असल्याने उरलेला तोल टाक्यांमध्ये इंधन फिरवून साधता आला असता.

नवी अडचण अशी की पाठ इथे सपाट नाही. मानेचा गोल छेद हळूहळू पंखात विरघळतो, त्यामुळे प्रत्येक सेंटिमीटरला आकार वेगळा. केलं ते असं:

पाठीवर मास्किंग टेप लावून मधली रेषा आखली आणि त्यावर दर १० मिलिमीटरला खूण, एकूण १० छेद. प्रत्येक छेद कंटूर गेजने (सरकत्या पिनांनी आकार उतरवणाऱ्या साधनाने) घेतला. स्वस्तातल्या प्लास्टिक पिनांच्या गेजची पायरी एवढी मोठी असते की १:७२ला निरुपयोगी. बारीक धातूच्या पिनांचाच घ्या. छेद आधी कार्डबोर्डवर, मग १ मिलिमीटर प्लास्टिकार्डवर उतरवले. हे १० साचे २ मिलिमीटर जाडीच्या कण्यावर खाचा पाडून बसवले. कणा एकाच शीटचा, थर नाहीत.

मग पाठीवर क्लिंग फिल्म ताणून बसवली, सांगाड्याच्या खाली मिलिपुट (इपॉक्सी पुट्टी) भरलं आणि सांगाडा जागेवर दाबला. फिल्मला सुरकुती पडली तर ती पुट्टीत उमटते, म्हणून चारही बाजूंनी टेप लावून ती ताणून घ्यायची. बाहेर निघालेलं मिलिपुट ओल्या बोटाने लगेच गुळगुळीत केलं. ते कडक झालं की खोगीर अलगद सुटतं. सुटलं, आणि पुन्हा ठेवल्यावर कडेला कागदही सरकेना. या कामात पांढऱ्या बारीक मिलिपुटला तोड नाही: आकसत नाही, पाण्याने पुसता येतं आणि सॉल्व्हंट नसल्याने वाकण्याची भीती नाही.

खोगिरावर तीन आधार आहेत, पुढे एक आणि मागे दोन. एक्स-१५ ३ अंश नाक वर करून बसतो, म्हणजे सोडल्यावर स्वतःच्या लिफ्टवर वर उचलला जाईल. १९७७ मध्ये ७४७च्या पाठीवरून एंटरप्राइज हे चाचणीचं स्पेस शटल सोडताना हेच तत्त्व वापरलं होतं. पुढचा आणि मागचा आधार यांतलं अंतर ९० मिलिमीटर, म्हणून पुढचा ४.७ मिलिमीटर उंच. आधार २ मिलिमीटर पितळी नळीचे, आत १.५ मिलिमीटरची तार, दोन्ही विमानांत ६ मिलिमीटर खोल रुतवलेली. प्लास्टिक रॉड वापरू नका, वाहून नेताना पहिला तोच तुटतो. ड्राय फिटला (गोंद न लावता जुळवून पाहताना) तिन्ही तारा एका दमात शिरल्या.

एक्स-१५चा खालचा उभा फिन हा छोटा प्रश्न. त्याचा सुटा, खालचा भाग लावायचाच नाही, खऱ्या विमानानेही त्याच्याशिवाय बरीच उड्डाणं केली. वरचा ठोकळा उरतो, त्यासाठी खोगिरात पाचरीच्या आकाराची खाच पाडली.

आता रंग. एक्स-१५ काळाच ठेवायचा. पांढऱ्यावर पांढरा ए-२, म्हणजे एक्स-१५ची नंतरची आवृत्ती, हरवून जातो. पावसाळ्यात लॅकरवर धुरी (पांढुरका थर) येते आणि काळ्यावर ती लगेच दिसते. थिनरमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला आणि पाऊस धरलेला असेल तर एअरब्रश काढूच नका. मोठं विमान पांढरंच, पण खोगिराच्या मागची पाठ उघड्या धातूची करायचा विचार आहे. ५७,००० पौंड थ्रस्टचं एक्सएलआर-९९ हे एक्स-१५चं इंजिन जवळ पेटलं तर रंग टिकणार नाही.

हे लिहितानाच एक वेगळी दिशा दिसते आहे. एक्स-१५च्या तिसऱ्या विमानाला डेल्टा (त्रिकोणी) पंख देण्याची योजना होती, ती नोव्हेंबर १९६७ मध्ये ते विमान आणि त्याचे वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स दोघेही गेल्यावर संपली. रद्द झालेल्या वाहकावर रद्द झालेला डेल्टा, ही जोडी जास्त सुसंगत आहे. आधारांच्या जागा त्याच राहतात, खोगीर बदलावं लागत नाही, फक्त पंख १ मिलिमीटर शीटमधून नव्याने कापायचे. त्यामुळे सध्याच्या एक्स-१५चे पंख चिकटवणं थांबवलं आहे. एक्सबी-७०च्या टँकर आणि आरएस-७० (टेहळणी-हल्ला विमान) या इतर भूमिका तूर्त बाजूला. आरएस-७०साठी नाकाचा भाग नव्याने करावा लागेल, आणि मानेचा जोड पुन्हा कापायची आमची तयारी नाही.

पुढचा भाग डेल्टाच्या कटिंगचा. त्याआधी खोगिराला मिस्टर सर्फेसर ५००चे दोन हात आणि ८०० नंबरचा ओला कागद. पंखाच्या मुळाशी, डावीकडे, अजून एक बारीक सीम दिसतो आहे.