सहा वीसचा मेल

खराडीतली नाइट शिफ्ट संपवून आत्ता घरी आले. पहाटे पावणेसहाला एक ट्रेड, म्हणजे शेअर्सचा सौदा, अडकला. शेअर्स, रक्कम सगळं जुळत होतं, फक्त क्लायंटच्या कस्टोडियन (शेअर्स सांभाळणाऱ्या बँकेतल्या) खात्याचा शेवटचा आकडा वेगळा. २८ मे २०२४ पासून अमेरिकेत सेटलमेंट (शेअर्स-पैशांची प्रत्यक्ष देवाणघेवाण) टी प्लस वन, म्हणजे सौद्यानंतर एकाच कामकाजाच्या दिवसात, झालंय. अफर्मेशन, म्हणजे सौद्याचा तपशील बरोबर असल्याचा दुजोरा, सौद्याच्याच दिवशी त्यांच्या रात्री नऊपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या सकाळी साडेसहाच्या आत. पूर्वी हाताशी अख्खा दिवस जास्तीचा असायचा! नवीन रुजू झालेल्या बीकॉमच्या पोरीनं खात्याची जुनी नोंद शोधून काढली, थरथरत्या हातानं न्यूयॉर्कला फोन लावला. सहा वीसला दुरुस्तीचा मेल आला. ‘बॅक ऑफिस’ म्हणून नाक मुरडणारे नातेवाईक मलाही भेटलेत. मला हे काम मनापासून आवडतं. सोमवारपासून तिला कॉर्पोरेट ॲक्शन्स (लाभांश, बोनस शेअर्स वगैरेंचं काम) शिकवायला घेतेय.