टाकीची पातळी : दोन स्केचमधून एका लायब्ररीपर्यंत

मंडळी, नेरुळच्या आमच्या सोसायटीतल्या टाक्यांमधल्या पाण्याची पातळी मोजायचं काम मागच्या वेळी गच्चीवरच्या सेन्सरपाशी थांबलं होतं. या महिन्यात एक वायरसुद्धा नवी ओढली नाही, सगळा वेळ कोड आवरण्यात गेला. तरी लिहितोय, कारण लायब्ररी, म्हणजे एकदा लिहून अनेक प्रोग्राममध्ये वापरता येणारा कोड, म्हणजे नेमकं काय हे मला या कामातून जितकं कळलं तितकं कुठल्याच व्याख्येतून कळलं नव्हतं. नुकते प्रोग्रामिंगला लागलेले बरेच जण इथे आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं.

आधी घोळ सांगतो. गच्चीवर एक टाकी, जमिनीखाली एक. दोन्हींवर जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ सेन्सर आणि सोबत ईएसपी३२, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा संगणक-बोर्ड. सेन्सर आवाजाची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते. लागलेल्या मायक्रोसेकंदांना ५८ने भागलं की सेंटीमीटर मिळतात. असे बोर्ड मी आर्डुइनो या सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम करतो, त्यात लिहिलेल्या प्रोग्रामला ‘स्केच’ म्हणतात. हा वेळ मोजायला आर्डुइनोत ‘पल्सइन’ हे फंक्शन आहे. लहर परत आलीच नाही, तर ते सेकंदभर वाट बघतं आणि शून्य देतं. माझ्या हिशोबात शून्य अंतर म्हणजे पाणी थेट सेन्सरला टेकलेलं! एप्रिलमध्ये गच्चीवरचा कनेक्टर सैल झाला आणि वॉचमनकाकांच्या केबिनमधला हिरवा दिवा रात्रभर ‘टाकी भरलेली आहे’ असंच सांगत राहिला. सकाळी अख्ख्या इमारतीचे नळ कोरडे.

त्याच दिवशी मी कोड दुरुस्त केला, पण फक्त गच्चीचा. तोच तुकडा खालच्या टाकीच्या स्केचमध्ये कॉपी करून चिकटवलेला होता, तो तसाच राहिला. तीन आठवड्यांनी तिथली वायर उंदराने कुरतडली, दिवा परत हिरवा, आणि खालची टाकी रिकामी असताना मोटर चालू झाली. काकांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि धावत जाऊन ती बंद केली.

त्या रविवारी घणसोलीहून भाची आली होती. अकरावीत आहे, पायथन शिकतेय. दोन्ही स्केच शेजारी शेजारी उघडून बघत होती.

“मामा, हे ओळीच्या ओळी सारखंच आहे. मग दोन ठिकाणी कशाला?”

“एकदा लिहिलं, दुसरीकडे चिकटवलं.”

“म्हणजे चूक सापडली की दोन्हीकडे जाऊन सुधारायची? आणि तिसरी टाकी लावलीस तर?”

ही अडचण सोडवणं हेच लायब्ररीचं खरं काम आहे. टायपिंग वाचतं हा वरकड फायदा. दुरुस्ती एकाच जागी करावी लागते, हा मोठा. ही सोय काही आजची नाही. १९४९ साली केंब्रिजला एडसॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा डेव्हिड व्हीलर आणि त्यांचे सहकारी नेहमी लागणारी गणितं वेगवेगळ्या कागदी पट्ट्यांवर पंच करून कपाटात ठेवत. ज्याला जे लागेल त्याने ती पट्टी काढून आपल्या प्रोग्रामच्या पट्टीवर उतरवून घ्यायची.

मग आम्ही दोघं बसलो. आर्डुइनोच्या ‘लायब्ररीज’ फोल्डरमध्ये ‘टाकीपातळी’ नावाचं फोल्डर केलं आणि त्यात दोन फाइल टाकल्या. हेडर फाइलमध्ये फक्त काय काय मागता येतं ते, आणि सीपीपी फाइलमध्ये प्रत्यक्ष काम. स्केचमध्ये वर एक इन्क्लुडची ओळ, बस्स. हे अर्ध्या तासात झालं. दुपारभर वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत: त्या तुकड्यातलं माझ्या टाकीचं काय आणि कुठल्याही टाकीचं काय, हे वेगळं करण्यात. सेन्सर बोर्डाला जिथे जोडलाय त्या पिन ५ आणि १८ माझ्या. त्या आत लिहून चालणार नाही, बाहेरून द्यायला हव्यात. १५० सेंटीमीटर खोली माझी; तीही बाहेरून. सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आर्डुइनोच्या खिडकीत, आकडे छापणं तर काढूनच टाकलं. लायब्ररीने मोजावं आणि सांगावं, कुठे दाखवायचं ते स्केच ठरवेल. आणि लहर आली नाही तर शून्य न देता उणे १. नवशिक्यांनी आपली पहिली लायब्ररी लिहिताना या छाटणीलाच भरपूर वेळ द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्यांच्या लायब्ररीबद्दलही सांगतो. मे महिन्यात टाकीतली हवा तापते आणि गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो. ३५ अंशांना १८० सेंटीमीटर अंतरात जवळपास ४ सेंटीमीटरचा फरक पडतो. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणला. त्याची ‘डॅलसटेम्परेचर’ लायब्ररी तयार मिळते. ती स्वतः ‘वनवायर’ या दुसऱ्या लायब्ररीवर उभी आहे, म्हणून दोन्ही घ्याव्या लागतात. सेन्सर तुटला की ती उणे १२७ अंश देते. हे न तपासता तो आकडा आवाजाच्या वेगाच्या सूत्रात गेला, तर रिकाम्या टाकीत अर्धा मीटर पाणी दिसेल! कुठलीही लायब्ररी घेतलीत की तिची उदाहरणं चालवून बघा, पण त्याआधी बिघडल्यावर ती काय परत देते ते शोधा. मी आता सगळ्यात आधी तेच वाचतो.

काल संध्याकाळी दोन्ही टाक्यांवर नवा कोड चढवला आणि गच्चीवरचा कनेक्टर मुद्दाम उपसला. उणे १ आलं आणि खाली केबिनमध्ये हिरव्याऐवजी पिवळा दिवा लागला. मग खालच्या टाकीचा उपसला, तिथेही पिवळा. काकांना सांगून ठेवलंय, पिवळा दिसला की दिव्यावर विसंबायचं नाही, झाकण उघडून बघायचं. पुढच्या खेपेला तिसरी टाकी, बागेची.