पहिला सांधा: करवतीच्या आधी आखणी

सुतारकाम शिकणाऱ्या मुलांचा लाकडी सांधा ढिला झाला की दोष करवतीच्या माथी मारला जातो. खरी चूक बहुधा आखणीत झालेली असते.

शिकवायला सुरुवात अर्ध्या खाचेच्या फुलीसारख्या सांध्याने करावी: दोन्ही पट्ट्यांत अर्ध्या जाडीची खाच करून त्या एकमेकींत आडव्या बसवायच्या. ४० मिमी रुंद, २० मिमी जाड, ३०० मिमी लांब अशा पाइनच्या दोन पट्ट्या पुरतात. प्लायवूड नको. त्याचे थर एकाआड एक आडवे-उभे असतात, त्यामुळे लाकडाच्या रेषेबरोबर पटाशी (लाकूड कोरायचे धारदार हत्यार) कशी चालते ते मुलांना कळतच नाही.

खाचेची रुंदी मोजपट्टीने घेऊ देऊ नका. दुसरी पट्टीच वर आडवी ठेवायची, तिच्या दोन्ही कडांना धारदार सुरीने खूण करायची आणि गुण्या (काटकोन आखायचे साधन) लावून रेघा बाजूंवर उतरवायच्या. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते; दोन्हीकडे तेवढी चूक झाली तर सांधा खुळखुळलाच.

खोली १० मिमी. ती दोन्ही पट्ट्यांवर दर्शनी बाजूपासूनच आखावी आणि एकीतला वरचा, दुसरीतला खालचा भाग काढावा. मग रेघ साडेनऊवर पडली तरी माथे समपातळीत बसतात. ही युक्ती पहिल्याच दिवशी सांगण्यासारखी आहे. काढायच्या भागावर ठळक फुली हवीच, नाहीतर रेघेच्या भलत्या बाजूने कापणारे निघतातच.

पट्टी शेगड्यात (लाकूड पकडून ठेवणाऱ्या साधनात) घट्ट आवळून, रेघेच्या फुलीकडच्या बाजूने कापायचे. पहिले दोन-तीन हात करवत आपल्याकडे ओढत, म्हणजे ती उडत नाही. खाचेच्या मधोमध आणखी दोन काप दिले की पटाशीचे काम हलके होते. पटाशी दोन्ही बाजूंनी निम्म्यापर्यंतच चालवावी. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडच्या कडेची ढलपी उडते. दोन्ही हात धारेच्या मागे, हा नियम मोडणाऱ्याच्या हातची पटाशी त्या दिवसापुरती काढून घ्यावी. इथे मऊपणा नको.

बोथट पटाशी जास्त धोक्याची, कारण मूल जोर लावते आणि ती सटकते. वर्ग सुरू होण्याआधी ती पाइनच्या टोकावर आडवी तासून पाहा: लाकूड गुळगुळीत कापले गेले तर ठीक, तंतू चुरडले तर धार लावायला हवी.

सांधा बसत नसेल तर ठोकायचा नाही. आत जाणाऱ्या पट्टीच्या कडेवरून रंध्याचा एक हलका हात फिरवून पुन्हा बसवून पाहायचा. सांधा चिकटवताना बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसावा. वाळला तर तेवढ्या जागी पॉलिश धरत नाही.